बाल्कनीच्या सरकत्या दाराला चौकट कोणती? आधी हवामान पाहावे, मग रंग आणि दर

दिवाणखान्यातून बाल्कनीत, गच्चीवर किंवा घरामागच्या अंगणात उघडणारे मोठे काचेचे दार हे आता केवळ महानगरांतील उंची सदनिकांचे वैशिष्ट्य राहिलेले नाही. लहान शहरांतील बंगले, गावाकडची नवी घरे आणि पुनर्विकासानंतर मिळालेल्या सदनिका यांतही पूर्वीच्या दोन झडपांच्या लाकडी दाराची जागा सरकत्या काचेच्या दाराने घेतली आहे. मात्र हे दार निवडताना बहुतेक कुटुंबांचे लक्ष काचेचा रंग, मुठीची घडण आणि चौरस फुटाचा दर यांवर असते. दाराचे आयुष्य ज्या घटकावर अवलंबून असते, तो घटक म्हणजे चौकट. आणि तिचा विचार बहुधा शेवटी होतो. चूक झाल्याचे पहिल्या पावसाळ्यात कळते. तोवर फरशी बसलेली असते, गिलावा रंगलेला असतो आणि दार बदलायचे म्हणजे भिंत फोडण्याची वेळ येते.

बाजारात आज प्रामुख्याने चार पर्याय आहेत : ॲल्युमिनियम, यूपीव्हीसी, लाकूड आणि पोलाद. यांपैकी सर्वोत्तम कोणता, हा प्रश्नच अपुरा आहे. बेंगळूरुच्या समशीतोष्ण हवेत जे दार वीस वर्षे बिनतक्रार चालेल, तेच रत्नागिरीच्या किनाऱ्यावर किंवा चेन्नईतील उंच इमारतीच्या पंधराव्या मजल्यावर लवकर निकामी होऊ शकते. राष्ट्रीय बांधकाम संहितेने देशाचे पाच हवामान विभाग मानले आहेत : उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि शीत. मुंबई, चेन्नई, कोलकाता उष्ण-दमट विभागात येतात; अहमदाबाद उष्ण-कोरड्या, तर दिल्ली आणि नागपूर संमिश्र विभागात. चौकटीची निवड या विभागापासून सुरू झाली पाहिजे.

चौकटीवर भार कशाकशाचा?

चौकटीचे काम केवळ काच धरून ठेवण्याचे नसते. काचेचे वजन, वाऱ्याचा दाब, उन्हामुळे होणारे प्रसरण आणि पावसाचे पाणी अशा चार गोष्टी तिला एकाच वेळी सांभाळाव्या लागतात.

वजनाचा हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर काचेचे वजन सुमारे अडीच किलो भरते. १.२ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच झडपेला ६ मिलिमीटरची काच बसवली, तर केवळ काचेचे वजन ३८ किलोच्या आसपास होते. तीच झडप दुहेरी काचेची केली, तर ते ७५ किलोंवर जाते. हे सारे वजन झडपेखालच्या चाकांवर आणि त्यांच्या खालच्या रुळावर येते. चौकट लेचीपेची असेल, तर झडप किंचित तिरकी होते, चाके एका बाजूने झिजतात आणि दार ओढताना घरातील वृद्धांना दोन्ही हात लावावे लागतात.

वाऱ्याचा हिशेब त्याहून गंभीर आहे. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराविषयीचे भारतीय मानक, आयएस ८७५ भाग ३, निरनिराळ्या शहरांसाठी वाऱ्याचा मूळ वेग ठरवून देते. बेंगळूरुसाठी तो सेकंदाला ३३ मीटर, पुण्यासाठी ३९, मुंबईसाठी ४४, तर कोलकाता आणि चेन्नईसाठी ५० मीटर आहे. आकड्यांतील हा फरक लहान वाटतो. परंतु दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे चेन्नईतील दारावर येणारा मूळ दाब बेंगळूरुतील दाबाच्या सुमारे २.३ पट ठरतो. वर उल्लेखिलेल्या आकाराच्या एका झडपेवर हा भार बेंगळूरुत ढोबळमानाने १७० किलोंइतका, तर चेन्नईत ३८० किलोंच्या पुढे जातो. मजल्याची उंची आणि इमारतीचे स्थान यांनुसार त्यात पुन्हा फरक पडतो. जून २०२० मध्ये रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकलेले ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मध्ये पश्चिम किनाऱ्याला झोडपणारे ‘तौक्ते’ ही दोन्ही चक्रीवादळे लक्षात घेतली, तर हा हिशेब केवळ पूर्व किनाऱ्यापुरता नाही, हेही स्पष्ट होते.

दाराची उंची वाढली की धोका झपाट्याने वाढतो. उभ्या पट्टीवर वाऱ्याचा दाब सारखाच असला, तरी तिचे वाकणे उंचीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. सात फुटांऐवजी आठ फुटांचे दार घेतले, तर उंची केवळ एका फुटाने वाढते; पण त्याच सेक्शनची पट्टी सुमारे १.७ पट अधिक वाकते. छतापर्यंत पोहोचणारे दार दिसायला देखणे असले, तरी त्यासाठी अधिक खोल आणि अधिक जाड सेक्शन लागतो. शेजाऱ्याकडील सात फुटी दाराचा सेक्शन आपल्या नऊ फुटी दाराला चालेल, असे गृहीत धरता येत नाही.

ॲल्युमिनियम : सडपातळ, भक्कम, पण उष्णतेचे वाहक

दारे-खिडक्यांसाठी सामान्यतः ६०६३ या क्रमांकाचे मिश्रधातू ॲल्युमिनियम वापरले जाते. त्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिसळलेले असते. ताठपणात ते यूपीव्हीसीच्या २५ ते ३० पट सरस आहे. म्हणूनच बारीक पट्ट्यांत मोठी काच धरण्याची क्षमता त्याच्या अंगी येते. रुंद आणि उंच दारांसाठी, तसेच उंच मजल्यांसाठी ते पहिल्या पसंतीचे ठरते. त्याला वाळवी लागत नाही, ते फुगत नाही आणि जुने झाल्यावर वितळवून पुन्हा वापरता येते. नव्याने धातू तयार करण्याच्या तुलनेत या पुनर्वापराला सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते.

त्याची मुख्य उणीव उष्णतेची आहे. ॲल्युमिनियम यूपीव्हीसीच्या सुमारे हजारपट उष्णता वाहून नेते. पश्चिमेकडील बाल्कनीत दुपारी तापलेली चौकट आतल्या बाजूनेही चटका देते. सिमला किंवा लेहसारख्या थंड ठिकाणी हिवाळ्यात हीच चौकट आतून गार पडते, तिच्यावर दव साचते आणि कडेचा गिलावा ओला राहतो. यावर उपाय म्हणून चौकटीच्या आतल्या आणि बाहेरच्या भागांमध्ये पॉलिअमाइडची पट्टी घातली जाते. बाजारात त्याला ‘थर्मल ब्रेक’ म्हणतात. थंड प्रदेशात आणि दिवसभर वातानुकूलन चालणाऱ्या घरात तिचा खर्च समर्थनीय ठरतो. खिडक्या-दारे उघडी ठेवून राहणाऱ्या कोकणातील घरात मात्र तिचा फारसा लाभ होत नाही.

किनारपट्टीवर ॲल्युमिनियम गंजत नाही, असे विक्रेते सांगतात. ते अर्धसत्य आहे. लोखंडासारखा तांबडा गंज त्यावर चढत नाही. पण खाऱ्या हवेत त्याच्या पृष्ठभागावर पांढरी भुकटी जमते आणि बारीक खड्डे पडतात. म्हणून वरचे आवरण महत्त्वाचे असते. ॲनोडायझिंगचा थर मायक्रॉनमध्ये मोजतात. घराच्या आत १० ते १५ मायक्रॉन पुरेसे असले, तरी समुद्राजवळ २५ मायक्रॉनचा आग्रह धरावा. पावडर कोटिंग असेल, तर त्याचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा असावा. दुसरी काळजी स्क्रूंची. ॲल्युमिनियमच्या चौकटीत साधे लोखंडी स्क्रू वापरले, तर दोन धातूंमध्ये ओलाव्यामुळे विद्युत-रासायनिक क्रिया होऊन झीज वाढते. किनाऱ्यावर ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरणे श्रेयस्कर.

आणखी एक शत्रू घरातच असतो : ओले सिमेंट. त्यातील अल्कली ॲल्युमिनियमवर कायमचे डाग पाडते. गिलावा आणि फरशीचे काम पूर्ण होईपर्यंत चौकटीवरील संरक्षक पट्टी काढू नये. चौकट आधी आणि गिलावा नंतर, अशी घाई बांधकामाच्या ठिकाणी नेहमी होते. तिचे डाग पुढे कशानेही निघत नाहीत.

यूपीव्हीसी : शांत आणि थंड, पण सेक्शन पारखून

यूपीव्हीसी म्हणजे मऊपणा आणणारी द्रव्ये न घातलेले कठीण पीव्हीसी. खाऱ्या हवेचा त्यावर परिणाम होत नाही, वाळवी लागत नाही आणि दरवर्षी रंग द्यावा लागत नाही. चौकटीचे कोपरे उष्णतेने वितळवून एकसंध जोडले जातात, त्यामुळे कोपऱ्यांतून पाणी झिरपण्याची शक्यता कमी असते. वर्दळीच्या रस्त्यालगतच्या घरात आवाज आणि धूळ अडवण्यासाठीही हा पर्याय चांगला ठरतो. अर्थात काच आणि रबरी पट्ट्या त्या तोडीच्या असतील तरच.

त्याची मर्यादा ताठपणाची आहे. मोठ्या झडपेत यूपीव्हीसीच्या पोकळीत जस्तलेपित पोलादी पट्टी घालावीच लागते. ही पट्टी बाहेरून दिसत नाही आणि काटकसर नेमकी तिथेच होते. कुठे ती वगळली जाते, कुठे अर्ध्या लांबीची घातली जाते, तर कुठे बारीक पत्र्यावर भागवले जाते. पहिल्या दोन उन्हाळ्यांत झडपेला बाक आला, की त्याचे कारण बहुधा या लपलेल्या पोकळीत सापडते. झडप जोडण्यापूर्वी पट्टी डोळ्यांनी पाहणे आणि तिची जाडी देयकावर लिहून घेणे, हा यावरचा साधा उपाय आहे.

दुसरा प्रश्न प्रसरणाचा. २.४ मीटर लांबीची पट्टी पहाटेच्या गारव्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत ३० अंशांनी तापली, तर यूपीव्हीसी ५ ते ६ मिलिमीटरने वाढते. ॲल्युमिनियम पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास, तर पोलाद एका मिलिमीटरपेक्षा कमी वाढते. म्हणून यूपीव्हीसीची चौकट भिंतीत घट्ट ठोकून बसवता येत नाही. कडेने मोजकी फट सोडून ती लवचीक सीलंटने भरावी लागते. फट न सोडणाऱ्या कारागिराचे काम पहिल्या दिवशी अधिक नेटके दिसते. मात्र मे महिन्यात दार अडू लागते. गडद रंगाचा मुलामा दिलेली चौकट पांढऱ्या चौकटीपेक्षा अधिक तापते. साधारण ७५ ते ८० अंशांच्या पुढे हे प्लास्टिक मऊ पडू लागते, हे लक्षात घेता विदर्भ, राजस्थान किंवा तेलंगणातील पश्चिमाभिमुख गच्चीवर फिकट रंगच सुरक्षित.

सूर्यकिरणांपासून बचाव करण्यासाठी यूपीव्हीसीत टायटॅनियम डायऑक्साइड मिसळतात. ते कमी करून स्वस्त चुनखडीची भुकटी वाढवली, तर चौकट काही वर्षांत पिवळी पडून ठिसूळ होते. युरोपीय मानक ईएन १२६०८ मध्ये दर्शनी भिंतीच्या जाडीनुसार ‘ए’ आणि ‘बी’ असे वर्ग आहेत. ‘ए’ वर्गासाठी किमान २.८ मिलिमीटर, तर ‘बी’ वर्गासाठी २.५ मिलिमीटर जाडी लागते. त्याच मानकात तीव्र उन्हाच्या प्रदेशांसाठी ‘एस’ असा स्वतंत्र शेरा आहे. भारतात घेतल्या जाणाऱ्या सेक्शनवर तो असणे अगत्याचे आहे.

लाकूड : सुंदर, दीर्घायुषी, पण छपराच्या आधाराने

वाड्यांमधील आणि कोकणातील कौलारू घरांमधील सागवानी दारे पिढ्यान्‌पिढ्या टिकली, हा लाकडाच्या बाजूने नेहमीचा युक्तिवाद असतो. तो खरा आहे. पण त्या दारांपुढे ओसरी होती, पडवी होती आणि पुढे आलेली पागोळी होती. पाऊस दारापर्यंत पोहोचतच नसे. आजच्या सदनिकेत तेच दार उघड्या बाल्कनीच्या तोंडाशी, आडव्या पावसाच्या माऱ्यात उभे केले जाते. लाकूड तेच असले, तरी परिस्थिती तीच राहिलेली नाही.

लाकूड उष्णता फारशी वाहून नेत नाही, दुरुस्त करता येते आणि त्याचे लांबीतील प्रसरणही अत्यल्प असते. मात्र ओलाव्याने ते रुंदीत फुगते. जून ते सप्टेंबर या काळात दार अडणे आणि डिसेंबरात त्याच्या कडेला फट दिसणे हे त्यामुळेच घडते. सागाच्या गाभ्याच्या लाकडात नैसर्गिक तैलद्रव्ये असल्याने वाळवी त्याच्या वाटेला फारशी जात नाही. बाहेरच्या फिकट लाकडाला मात्र हे संरक्षण नसते. चंद्रपूर-गडचिरोलीचा साग देशभर नावाजलेला आहे. अयोध्येतील राममंदिरासाठीही चंद्रपूर जिल्ह्यातून सागवान पाठवण्यात आले होते. प्रदेशपरत्वे अन्य लाकडेही वापरात आहेत : हिमाचल आणि काश्मीरमध्ये देवदार, तर कोकण आणि गोव्यात फणस.

लाकूड घेताना ते किती मुरलेले आहे, हे पाहणे निर्णायक ठरते. आयएस २८७ या मानकाने हवेतील आर्द्रतेनुसार देशाचे विभाग पाडून प्रत्येक विभागात लाकडातील ओलाव्याचे अनुज्ञेय प्रमाण ठरवले आहे. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र वखारीत असते. त्यावरचा आकडा पाहूनच माल उचलावा. शिवाय दर दोन-तीन वर्षांनी तेलपाणी किंवा पॉलिश करण्याची तयारी हवी. ती नसेल आणि दारावर छज्जा नसेल, तर लाकडाचा मोह आवरलेला बरा.

पोलाद : ताकद मोठी, राखण कडक

ताठपणात पोलाद ॲल्युमिनियमच्याही जवळपास तिप्पट सरस आहे. त्यामुळे अत्यंत बारीक पट्ट्यांची, चौकोनांची नक्षी असलेली दारे त्यातूनच साधतात. जुन्या शहरी इमारतींतील पोलादी खिडक्यांची ही धाटणी अलीकडे पुन्हा आवडू लागली आहे. परंतु जस्तलेपन आणि रंग यांत कुठे खंड पडला, की गंज तिथून आत शिरतो. कापलेल्या आणि वेल्डिंग केलेल्या जागा आधी गंजतात. दख्खनच्या पठारावरील कोरड्या हवेत हा पर्याय विचारात घेता येतो. समुद्राजवळ मात्र तो टाळणेच शहाणपणाचे आहे.

पाणी, वारा आणि मोकळी जागा

चौकट कोणत्याही पदार्थाची असो, पावसाचे पाणी रुळात येणारच, असे धरून तिची रचना केलेली असते. रुळातील पाणी बाहेर जाण्यासाठी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. ती गिलाव्याने किंवा सिलिकॉनने बुजवली गेली, की पाणी दिवाणखान्यात उतरते आणि दोष दाराला दिला जातो. बाल्कनीची फरशी आतल्या फरशीपेक्षा खाली आणि उतार बाहेरच्या बाजूला असेल, तरच ही छिद्रे काम करतात. उंबरठा पूर्णपणे सपाट हवा असेल, तर रुळाबाहेर स्वतंत्र पन्हळ करावी लागते. घरात चाकाची खुर्ची वापरणारी व्यक्ती असल्यास हा विचार फरशी बसवण्यापूर्वीच व्हायला हवा.

हवेचाही हिशेब आहे. निवासी इमारतींसाठी केंद्राने डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर केलेल्या ‘इको निवास संहिते’नुसार उष्ण-दमट विभागात दारे-खिडक्यांचे उघडता येणारे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के असावे. दोन झडपांचे सरकते दार कधीही अर्ध्यापेक्षा अधिक उघडत नाही. तीन रुळांवर तीन झडपा असतील, तर दोन तृतीयांश जागा मोकळी होते. एखाद्या झडपेऐवजी डासांची जाळी बसवताना हे प्रमाण पुन्हा तपासावे. बाहेरच्या बाजूला पूर्ण उघडणाऱ्या झडपा हवा अधिक देतात आणि रबरी पट्ट्यांवर घट्ट बसल्यामुळे पाणीही अधिक चांगले अडवतात; परंतु त्यांना बाल्कनीत जागा लागते आणि वाऱ्यात त्या अडकवून ठेवाव्या लागतात.

उन्हाच्या बाबतीत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. दाराच्या एकूण क्षेत्रफळात चौकटीचा वाटा लहान असतो. बहुतांश उष्णता काचेतून आत येते. पश्चिमेच्या दारावर छज्जा, चिकाचा पडदा किंवा ऊन अडवणारी काच यांपैकी काहीच नसेल, तर महागड्या चौकटीने खोली थंड होणार नाही.

सुरक्षेत तडजोड नको

जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या काचेवर लहान मूल धावत येऊन आपटू शकते. साधी काच फुटली, तर तिचे धारदार लांब तुकडे होतात. टफन्ड काचेचे बारीक बोथट दाणे होतात. लॅमिनेटेड काचेचे तुकडे मधल्या पातळ थराला चिकटून राहतात. उंच मजल्यावर, जिथून तुकडे खाली माणसांवर पडण्याची भीती असते, तिथे लॅमिनेटेड काच अधिक योग्य. काचेच्या कोपऱ्यावर कायमचा उमटवलेला शिक्का पाहूनच ती बसवून घ्यावी. मात्र ही काच जड असते, म्हणून आधी काच ठरवावी आणि मग तिचे वजन पेलणारी चौकट निवडावी. उलट क्रमाने नव्हे.

निर्णयाची वेळ

या साऱ्याचा सारांश असा काढता येतो : समुद्रकिनारी मध्यम आकाराच्या दारासाठी पोलादी आधाराची यूपीव्हीसी चौकट, किनारी शहरांतील उंच मजल्यावर किंवा मोठ्या आकारासाठी जाड आवरणाचे ॲल्युमिनियम, थंड प्रदेशात यूपीव्हीसी, लाकूड किंवा थर्मल ब्रेकचे ॲल्युमिनियम, कडक उन्हाच्या प्रदेशात छज्जाखाली ॲल्युमिनियम किंवा फिकट रंगाचे यूपीव्हीसी, आणि जिथे ओसरी-पडवीचे छप्पर आहे, तिथे लाकूड.

दरपत्रकांची तुलना करताना केवळ चौरस फुटाचा दर पाहणे फसवे असते. ॲल्युमिनियमचा सेक्शन मीटरला किती किलो, भिंत किती मिलिमीटर, आवरण किती मायक्रॉन, यूपीव्हीसीतील पोलादी पट्टी किती जाडीची, चाकांची भारक्षमता किती आणि सुटे भाग पुढे मिळणार काय, या प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. दोन दरांमधील फरक बहुधा या तपशिलांत दडलेला असतो. सदनिकेत इमारतीचे बाह्य रूप बदलणार असेल, तर काम सुरू करण्यापूर्वी गृहनिर्माण संस्थेची परवानगी घेणेही आवश्यक आहे.

दार बसल्यावर अखेरची रक्कम देण्यापूर्वी एक साधी परीक्षा घ्यावी. बाहेरून पाण्याची नळी लावून दारावर दहा-पंधरा मिनिटे पाणी मारावे आणि आतून कोपरे, रूळ व भिंतीची कड पाहावी. झिरप दिसली, तर ती त्याच दिवशी दुरुस्त करून घेता येते. जुलैच्या रात्री तीच झिरप लक्षात आली, तर कारागीर हाती लागेलच असे नाही.